पाय न टेकणारा सोफा

मुकादमीणबाईंची धाकट्या सुनेबद्दल एकच तक्रार होती, पण ती रोजची होती. सून ऐकून घ्यायची. उलट बोलणारी सून परवडते. शब्दाला शब्द लागला की ठिणगी पडते, भडका उडतो, विझतो आणि दोघी चहाला मोकळ्या. ही बया हातातलं काम न थांबवता "हं" म्हणायची आणि सासूचं बोलणं संपेपर्यंत थांबायची. संपल्यावरही थोडी थांबायची. त्या थांबण्यात मुकादमीणबाईंना आपलंच वाक्य परत ऐकू यायचं, आणि ते दर वेळी ऐकण्याजोगं असेच असं नाही.

"माझ्याशी भांडायचीसुद्धा तिची तयारी नाही," त्या शेजारणीला सांगत. "माणसाला माज असावा, पण किती?"

मुकादमीण हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. नवरा गेला, नाव राहिलं, आणि वर घर, खाली सोफे-खुर्च्या बांधायचं दुकानही राहिलं. थोरला मुलगा मागच्या खोलीत लाकडाचा सांगाडा करायचा, स्प्रिंगा बसवायचा. धाकटा पुढच्या खोलीत गादी भरायचा, कापड चढवायचा. एकावाचून दुसऱ्याचं काम म्हणजे एकीकडे नुसती हाडं आणि दुसरीकडे नुसतं मांस. थोरली सून शाळेत शिकवायची. दिवसभर पोरं हाकून आल्यावर तिला घरात कुणाचाच आवाज नको असायचा, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

दोघा भावांचं बिनसलं ते एका गिऱ्हाइकापुढे. गिऱ्हाईक धाकट्याला काही विचारत होतं, तेवढ्यात थोरला म्हणाला, "त्याला काय विचारता, तो कापड शिवतो." कापड शिवणाऱ्याने त्या दिवसापासून भावाशी तोंडही शिवून टाकलं. थोरलाही त्याच आईचा; तो तरी कशाला टाका उसवतोय.

मग दोन खोल्यांमधल्या दारात मुकादमीणबाईंनी आपली खुर्ची टाकली आणि इकडचे निरोप तिकडे सुरू झाले. निरोप जसाच्या तसा पोचवणं हे पोस्टाचं काम, आईचं नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. मागून येई, "त्या शहाण्याला सांग, कापड ओढून बसव, मागच्या खेपेला झोळ आला होता." पुढे पोचे, "दादा म्हणतोय, मागच्यासारखंच होऊ दे." पुढून येई, "आंधळ्याने रंधा मारलाय का?" मागे पोचे, "तो म्हणतोय, डोळ्यांना जप." काटा काढायचा आणि साखर घालायची. घर असंच चालतं.

दातांच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीतला सोफा याच पद्धतीने झाला. म्हातारे पेशंट येतात, उठायला सोपा पाहिजे, म्हणून थोरल्याने पाय उंच ठेवले आणि निरोप धाडला, "पाय वाढवलेत. गादी पातळ भर म्हणावं, तेवढं तरी समजत असेल तर." मुकादमीणबाईंनी त्यातला शेवटचा काटा उपटला. काटा खोल रुतलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर पायही निघाले आणि पातळही निघालं. ती पोकळी त्यांनी स्वतःच्या पदरचं घालून भरली. "दादा म्हणतोय, गादी झकास भर. तुझ्या हाताला तोड नाही."

धाकटा फुलला, आणि त्याच्यापेक्षा जास्त गादी फुलली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. "मावशी, माझ्या पेशंटचे पाय जमिनीला टेकत नाहीत." मुकादमीणबाई जातीने पाहायला गेल्या. गालाला हात लावलेली मोठमोठी माणसं ओळीने बसून शाळकरी पोरांसारखे पाय हलवत होती. एक जाडजूड गृहस्थ नाव पुकारल्यावर उतरायला गेले ते घसरले, आणि जो दात काढून घ्यायला आले होते तो आतल्या खोलीपर्यंत थांबला नाही.

सोफा परत आला. थोरला म्हणाला, मुद्दाम केलं. धाकटा म्हणाला, "मागून गोड निरोप पाठवतो आणि कामात पाय वाढवून ठेवतो. असली साखर मला नको. आई, सांग त्याला, मधलं दार बुजवतोय. त्याने मागच्या गल्लीतून आपलं दुकान काढावं."

या निरोपात साखर कुठे घालायची, ते मुकादमीणबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच सुचेना. विटा येऊन पडल्या. गवंडी दाराचं माप घ्यायला आला आणि म्हणाला, "आजी, जरा खुर्ची उचला, भिंत इथूनच जाणार." त्या उठल्या. एरवी त्यांनी गवंड्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

तो गेल्यावर धाकट्या सुनेने विषय काढला. "आई, आपण बाहेरच्या कुणाची तरी मदत घेऊ. चौकापलीकडच्या इमारतीत एका मजल्यावर सगळे आहेत. कोच आहे, समुपदेशक आहेत, थेरपीवाले आहेत, मध्यस्थही आहेत."

"तुला गं काय माहीत?"

"माझे बाबा गेले तेव्हा मी समुपदेशनाला जात होते."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, येताना दोरा आण."

मुकादमीणबाईंनी जुन्या खुर्चीतला एक खिळा उगाचच दोनदा ओढला. "बरं, मग या चौघांत फरक काय?"

सुनेने सांगितलं. सांगून झाल्यावर थांबली. मुकादमीणबाई तिसरीत शाळेतून निघाल्या होत्या, पण डोकं शाळेत ठेवून आल्या नव्हत्या.

"म्हणजे कोच म्हणजे सोफा धड आहे, तो आणखी झोकदार करायचा. समुपदेशन म्हणजे शिवण उसवलीय, वेळेवर चार टाके घालायचे. थेरपी म्हणजे वरून कापड बरं दिसतं, पण आतला काथ्या जुना झालाय, उघडून भरायचं. आणि मध्यस्थ म्हणजे दोन तुकडे जोडणारा दोरा. तो या तुकड्याचाही नसतो आणि त्या तुकड्याचाही नसतो."

सून बघतच राहिली. "मला एवढं नीट सांगता आलं नसतं."

"ते दिसलंच. मग मध्यस्थच लागणार. पण कापड चोळून बघितल्याशिवाय मी घेत नसते. आधी चौघांनाही बघीन."

कोच हा पांढऱ्याशुभ्र बुटांतला तरतरीत पोरगा होता. "आजी, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"भिंतीवर. फोटोत."

"नाही, म्हणजे तुमचं ध्येय?"

"दोन पोरगे."

"ते ध्येय नाही आजी, ती परिस्थिती आहे."

"तुझं लग्न व्हायचंय वाटतं," मुकादमीणबाई म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "पोरगा चुणचुणीत आहे हो. नातू नोकरी बदलायचं म्हणतोय ना, त्याला धाड इथे. मला पुढचा रस्ता नकोय, मागचा खड्डा बुजवायचाय."

समुपदेशक बाईंनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला कशाचा त्रास होतो?" आणि त्या शांत बसून राहिल्या. मुकादमीणबाई लगेच बाहेर. "ही तुझ्याच जातकुळीतली. एक घरात आहे तेवढी पुरे."

थेरपीवाल्या गृहस्थांच्या खोलीतून मात्र त्या लवकर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पदराने नाक पुसत होत्या. लहानपणी पाठच्या भावाला सांभाळायला म्हणून त्यांची शाळा सोडवली होती. त्या दिवशी पाटीवर अर्धी राहिलेली ओळ अजून आठवते, हे त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "माणूस सोन्यासारखा," त्या म्हणाल्या. "हात न लावता आतला काथ्या ओळखला. माझ्यापुरती मी येईन परत. पण भिंत माझ्या आत नाही उभी राहत, दुकानात उभी राहतेय."

मध्यस्थ बाईंच्या टेबलावर पाण्याचे दोन पेले होते, बाकी काही नाही. "मी निकाल देत नाही," त्या म्हणाल्या. "कोण बरोबर, कोण चूक, तेही ठरवत नाही. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत नीट पोचतंय ना, एवढंच बघते."

"अगं, हेच तर मी करते," मुकादमीणबाई अभिमानाने म्हणाल्या. सुनेला खोकला आला.

"फक्त दोघांनी आपल्या मर्जीने यायला हवं."

"येतील की. निरोप मी देते."

ठरल्या दिवशी दोघे भाऊ दोन रस्त्यांनी आले. दोघांचे शर्ट इस्त्रीचे, आणि दोघांच्या तोंडावर क्षमाशील माणसाचं तेज. आत गेले. सासू-सुना बाहेरच्या बाकावर बसल्या. दार बंद होतं, पण वरची झडप उघडी होती.

"कोण सुरुवात करतंय?" मध्यस्थ बाईंचा आवाज आला.

"त्याने करावी," थोरला म्हणाला. "मला घाई नाही. मी मन मोठं करून आलोय."

"मीपण," धाकटा म्हणाला. "दादाने सावकाश मागावी."

"काय मागावी?"

"माफी."

"मी? माफी तू मागणार आहेस."

"कोण म्हणालं?"

आतून दोन आवाज एकदम आले, "आई."

मुकादमीणबाई उठल्या. "चल गं, दुकानात कामं पडलीयत."

"बसा आई," सून म्हणाली. इतक्या वर्षांत तिने सासूला पहिल्यांदाच हुकूम सोडला. मुकादमीणबाई बसल्या.

"मग इथूनच सुरू करू," मध्यस्थ बाई म्हणत होत्या. "आईंनी आणखी काय काय सांगितलं?"

त्यानंतर जे निघालं ते जुन्या सोफ्याचं पोट फाडल्यासारखं. बटणं काय, कंगवे काय. "डोळ्यांना जप? मी आंधळा म्हणालो होतो." "मी झोळ म्हणालो होतो." "गादी पातळ भर असा निरोप होता माझा." "मला झकास भर असा आला." "आणि पाय वाढवलेत हे?" "पायांचं काही आलंच नाही." मग थोरला म्हणाला, "त्या जाड्या माणसाचा दात..." आणि पुढे त्याला बोलता येईना. दोघे हसत होते. बापाच्या वेळी हसायचे तसे, धापा टाकत.

हसू ओसरल्यावर धाकट्याचा आवाज आला, जरा बारीक. "म्हणजे तू ते म्हणालाच नव्हतास."

"काय?"

"माझ्या हाताला तोड नाही, असं."

बाहेर मुकादमीणबाईंनी सुनेचं मनगट धरलं होतं.

"म्हणालो नव्हतो," थोरला म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "म्हणायला पाहिजे होतं. नाहीच आहे तोड. त्या दिवशी गिऱ्हाइकापुढे चुकलो मी."

मुकादमीणबाईंनी मनगट सोडलं. "बघ, मागितली की नाही माफी? मी काय खोटं बोलले?"

दोघे भाऊ एकत्र बाहेर आले आणि त्या दिवसापासून ज्या एका गोष्टीवर त्यांचं कधीही दुमत झालं नाही ती त्यांनी तिथेच जाहीर केली. भिंत नको. पण मधल्या दारातली खुर्चीही नको.

पडून राहिलेल्या विटांचा गवंड्याने दुकानाबाहेर कट्टा बांधला. पाय टेकतील असा; माप दोघांनी मिळून दिलं, आणि ते देताना अर्धी सकाळ भांडले. मुकादमीणबाई आता त्या कट्ट्यावर बसू लागल्या. आतून आवाज येत होते. "दादा, हा कोपरा तिरका आहे." "तुझी मान तिरकी आहे." निरोपात काय दुरुस्ती करायची ते त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं, पण मागायला कुणी येत नव्हतं.

सून चहा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली.

"मी साखर घालते, हे तुला माहीत होतं," मुकादमीणबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मध्यस्थ मीच निवडला, असं मला वाटू दिलंस."

"तुम्हीच निवडलात आई. दोऱ्याचं तुम्हीच म्हणालात." मग ती थांबली.

मुकादमीणबाईही थांबल्या. हे थांबणं सोपं नव्हतं. घशाशी चार वाक्यं येऊन परत गेली. मग त्यांनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि बाजूला सरकून जागा केली.

"पक्की आहेस तू," त्या म्हणाल्या. "या घरात बोलायला मी एकटी सगळ्यांना पुरते. ऐकायला मात्र तुझ्यावाचून कुणी नव्हतं, आणि मी त्यालाच माज म्हणत होते. बस इथे. तुझे बाबा गेले तेव्हा काय झालं, ते पहिल्यापासून सांग. या वेळी 'येताना दोरा आण' म्हणणार नाही मी."