युद्धकाळातली सेवा आणि तर्री-पोहे

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा डॉ. कामिनी भोयर यांना वाटलं, त्यांची विद्यार्थिनी दीक्षा कॅमेरा घेऊन आली. दार उघडलं, तर शेजारची मुग्धा पोह्यांचं भलंमोठं पातेलं धरून उभी, आणि तिच्यामागे कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका. कोणाकडे कापसाची बंडलं, तर एकीच्या डोक्यावर मुलाची एनसीसीची टोपी.

"कामिनीताई, आम्ही तयार आहो," मुग्धा म्हणाली. "बॉर्डरवर जायचं आहे, का इथंच कामठीच्या छावणीले?"

कामिनीताईंनी मोबाइल पाहिला आणि कपाळावर हात मारला. 'युद्धकाळातली महिलासेवा. रविवारी अकराला, माझ्या घरी. वेळ पाळावी.' दीक्षाला पाठवायचा निरोप महिला मंडळाच्या ग्रुपवर पडला होता. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ युद्ध, मागच्या आठवड्यात तर हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीमही झालेली. बायकांचं तरी काय चुकलं?

"अवं, ते युद्ध जुनं आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं."

"आता पोह्याचं काय करू मग? तर्रीही आणली आहे."

"जखमींसाठी असा झणझणीत रस्सा?"

"मंग काय उपाशी ठेवता त्याईले?"

त्यांना दारातूनच वाटेला लावायचं कामिनीताईंनी ठरवलं होतं. कारण आत कौसल्याआजी बसल्या होत्या, शंभरीला टेकलेल्या. महायुद्धात जखमी जवानांसाठी पट्ट्या गुंडाळणाऱ्या बायकांवर कामिनीताईंनी अख्खी नोकरी काढली, पण त्यांतली जिवंत बाई सापडली ती ही एकच. 'त्या का आल्या?' हे त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिच्यासाठी अडून बसलं होतं. आजी मात्र दोनदा "मले काई आठवत नाही, बाई" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, आणि उद्या नातवाकडे बंगलोरला निघाल्या होत्या. आज मुलाखतीसाठी शांतता हवी होती.

"दारात काहून उभ्या वं? या नं आत," सासूबाईंनी, म्हणजे गोपिकाबाईंनी, आतून हाक मारली. झालं. पाच मिनिटांत दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. दीक्षा आली ती कॅमेरा डोक्यावर धरूनच. आणलाच आहे तर म्हणून बायकांनी कापूस पसरला, आणि प्लेटी फिरायला लागल्या. मुलाखतीचं आता काही खरं नाही म्हणून कामिनीताईंना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

"मले तर्री जास्त टाक," आजी मुग्धाला म्हणाल्या. दुसरी प्लेट संपवून त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "आम्हीबी अशाच बसत होतो वं. पट्ट्या कमी, गोष्टी जास्त."

कामिनीताईंनी झटकन रेकॉर्डर लावला. "आजी, तुम्ही काहून जात होत्या? देशासाठी? का जवानांची दया येत होती?"

"दया येत होती नं. मले माहीच," आजी म्हणाल्या. "घरी सासू होती. सेवेले चालली म्हटलं का तिले नाही म्हणता येत नव्हतं. दुपारभर सुटका."

बायका हसून लोटपोट झाल्या. "आम्ही का फक्त बॉर्डरसाठी आलो वाटते तुम्हाले?" मुग्धा डोळे पुसत म्हणाली. कामिनीताईंना तर आजीला मिठी मारावीशी वाटली. एवढ्या वर्षांच्या कागदपत्रांत न मिळालेलं उत्तर रेकॉर्डरमध्ये पडलं होतं, तेही स्वच्छ आवाजात.

तेवढ्यात कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "कामिनी, तू लग्न झाल्याबरोबर पीएचडी करायले घेतली होती नं? रोज दुपारी लायब्ररीत जात होती."

सगळ्या बायका कामिनीताईंकडे वळल्या. आजीसुद्धा तिसरी प्लेट खाता खाता थांबल्या.

कामिनीताईंनी हात लांब करून रेकॉर्डर बंद केला.

"आई," त्या म्हणाल्या, "तर्री वाढू का अजून?"