हरलेल्यांचा सत्कार

हरलेल्या माणसाला शाल पांघरणारा गृहस्थ तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तोही कलकत्त्याच्या बेहाला भागात, ऐन वैशाखात, अंगावरची साडीसुद्धा नकोशी होते अशा उकाड्यात.

बँकेतून ह्यांची कलकत्त्याला बदली झाली, त्याला महिनाही झाला नसेल. शेजारचे दिगंबर सोवनी एका संध्याकाळी दारात उभे. "सूनबाई, जरा ये. सत्कार आहे." मी यांची सून कधी झाले, हा पहिला धक्का. दुसरा त्यांच्या खोलीत बसला. एक बंगाली मुलगी घामाने निथळत बसली होती. सोवन्यांनी तिच्या खांद्यावर चक्क लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या.

"काय मिळवलं हिने?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. हिचा अर्ज कचेरीने फेटाळला," सोवनी आनंदाने म्हणाले.

मी टाळ्या वाजवायची थांबलेच. अहो, आमच्या पुण्यात सत्कार म्हटला की माणसाने निदान मॅट्रिकला नंबर तरी काढलेला असतो!

दिगूकाका मूळचे कोकणातले, पण जन्मले कलकत्त्यात, वाढले कलकत्त्यात. कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या एका जूटमिलच्या कचेरीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. मराठी आजोबांच्या काळातलं, त्यात मध्येच बंगाली शिंपडलेलं. तोंडात एकच पालुपद: "ते राहू दे, उरलं किती ते सांग." माझं दूध उतू गेलं, मी कपाळावर हात मारून बसले, तर खिडकीतून आवाज, "सूनबाई, उरलं किती ते सांग!" ह्यांचा खिसा ट्राममध्ये कापला गेला, तेव्हाही तेच. हे इतके संतापले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांना पत्ताच नाही. ते रोज येऊन ह्यांच्या गप्प बसण्याचं कौतुक करून जायचे.

तर ती मुलगी म्हणजे शिखा. शाळेत भूगोल शिकवायची आणि आमच्या पाड्यातला पुकुर वाचवायला निघाली होती. पाडा म्हणजे आपली आळी, पुकुर म्हणजे तळं. आमच्या घरांमागे चांगलं मोठं तळं होतं. बायका तिथे कपडे धुवायच्या, मुलं पोहायची, दुर्गापूजेनंतर मूर्तीचं विसर्जनही तिथेच व्हायचं. त्यात मल्लिकबाबू नावाचा ठेकेदार राख नि राडारोडा आणून टाकत होता. तळं बुजवायचं आणि वर इमारत बांधायची. शिखाने चार टाळकी गोळा करून समिती काढली होती. समिती दर रविवारी काकांच्या खोलीत भरायची आणि बाकीचे दिवस हरायची.

खोटं नाही सांगत. अर्ज केला, फेटाळला. सह्या गोळा केल्या, तो कागदच गहाळ झाला. ट्रकसमोर उभे राहिले, तर ट्रक दुसऱ्या बाजूने आत शिरला. आणि प्रत्येक वेळी सत्कार! शाल तीच. सोहळा झाला की काका ती सत्कारमूर्तीच्या अंगावरून काढून घ्यायचे, घडी घालायचे आणि डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत ठेवून द्यायचे. नारळ फोडून निम्मा माझ्याकडे, वड्या करायला. होमिओपॅथीचे डॉक्टर घोषाल समितीत होते, त्यांचा तर इतक्यांदा सत्कार झाला की त्यांना घामोळं उठलं.

"काका, लाज नाही का वाटत? त्यांची थट्टा करता तुम्ही!" एकदा मी फाडकन बोलले.

काका चकित झाले. "थट्टा? अगं, जिंकणाऱ्याला सगळं जग विचारतं. ही मुलं उन्हात उभी राहून, शिव्या खाऊन घरी जातात. घरचे म्हणतात, बरं झालं. मग पुढच्या रविवारी कशाला येतील?"

मला ते पटलं नाही. पण नंतर पाहिलं तर खरंच, शिखा रडवेली यायची, शालीत घामाघूम व्हायची, शेवटी हसत सुटायची. "जेठू, तुम्ही वेडे आहात," म्हणायची, जेठू म्हणजे मोठे काका, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार फिरायची.

पावसाळा संपेतो निम्मं तळं बुजलं. भाद्रपदातल्या एका रविवारी शिखा आली ती उभीच राहिली. "जेठू, पुरे झालं. पुढच्या रविवारी समिती बंद. शालबिल काढू नका."

काका ट्रंकेकडे वळले होते, तसेच थांबले. मला वाटलं, आता विचारतील, उरलं किती? नाही विचारलं. त्यांचा चेहरा पार उतरला. समिती गेली की उरलेलं तळं महिन्याभरात बुजणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तळ्याकडून शंखाचा आवाज आला. मी हातातलं लाटणं टाकून धावले. पाहते तर काय! सगळा पाडा जमलेला. बायका जिभा हलवत उलूध्वनी करतायत, मंगलकार्यात करतात तशी. मध्ये मल्लिकबाबू, खांद्यावर ती शाल, हातात नारळ, आणि समोर दिगूकाका भाषण ठोकतायत! मी म्हटलं, म्हातारा फिरला. विकला गेला मेला!

"या थोर पुरुषाने," काका अस्खलित बंगालीत सांगत होते, "मनात आणलं असतं तर अख्खा पुकुर बुजवला असता. पण आपल्या मा दुर्गेच्या विसर्जनासाठी यांनी निम्मा राखून ठेवला. यापुढे त्यात एक टोपलीसुद्धा पडू देणार नाही, असं यांचं मन मला सांगतंय. बोला, मल्लिकबाबू!"

मल्लिकबाबूला त्या वर्षी पूजा कमिटीचं अध्यक्षपद हवं होतं, आणि ते देणारे झाडून सगळे समोर उभे होते. नारळ या हातातून त्या हातात गेला. शेवटी तो पुटपुटला, "हो, म्हणजे... मा दुर्गेसाठी..." पुढचं शंखांच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

शिखा संतापाने लाल होऊन निघून गेली. मीही दोन दिवस काकांकडे पाहिलं नाही. पण सोमवारी ट्रक आला नाही, मंगळवारी आला नाही. पूजेपर्यंत तर मल्लिकबाबू स्वतः तळ्याभोवती कुंपण घालून घेत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मीच वाचवला हा पुकुर." शिखाने येऊन काकांचे पाय धरले. डॉक्टर घोषाल तर लहान मुलासारखे नाचले. निम्मं का होईना, तळं राहिलं.

लक्ष्मीपूजनानंतरच्या एका रविवारी मी काकांकडे डबा द्यायला गेले आणि दारातच थबकले. खोलीत खुर्च्या मांडलेल्या. किटलीत चहा तयार. काका इस्त्रीचा झब्बा घालून एकटेच बसले होते.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही गं. रविवार आहे ना, हात आपोआप खुर्च्या मांडतात."

"अहो, पण तुम्ही जिंकलात की!"

"हो, जिंकलो ना." ते किटलीकडे बघत राहिले. "शिखाचं लग्न ठरलंय. घोषालांनी दवाखान्याची वेळ वाढवलीय. छान झालं. आपापल्या घरी गेली सगळी." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, डमडमकडे कुठेतरी झाडं तोडतायत म्हणे. तिथल्या लोकांना कोणी आहे का गं? उद्या जाऊन बघू का?"

मला इतका मोठा धक्का आजवर बसला नव्हता. आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस आम्हाला धीर देतोय. आम्ही दर रविवारी याच्या घरी येत होतो, त्या येण्यावर हाच तग धरून होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"डमडमला उद्या जा," मी खेकसले. डबा ठेवला, पदर खोचला आणि पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून बसले. "तळ्यात जलपर्णी किती माजलीय, पाहिलंत? ती कोण काढणार, मल्लिकबाबू? चला, सभा सुरू करा."

काका उठले, झब्बा सारखा केला, घसा खाकरला आणि रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवत म्हणाले, "उपस्थित बंधुभगिनींनो..." मी टाळ्या वाजवायला लागले.