पेरीनची पांढरी टोपी

निष्ठा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ती मोजायची तर दिसणाऱ्या एखाद्या वस्तूवरूनच मोजावी लागते. आमच्या गावच्या देखरेख समितीने त्यासाठी बायकांची पांढरी टोपी निवडली, यात तिची दूरदृष्टी दिसते.

क्रांतीने राजा काढला तसा रविवारही काढला. आता आठवडा दहा दिवसांचा आहे आणि सुटी दहाव्या दिवशी (विश्रांती कमी झाली, पण गणित सोपे झाले). जुन्या रविवारी जी खळ घातलेली टोपी घालते ती राजाची माणूस. इतर दिवशी घालते ती नुसती स्वच्छ.

क्रांतीच्या नव्या पंचांगातल्या जर्मिनाल महिन्यात एकशे बारा बायकांचे निरीक्षण झाले. इस्त्रीकाम करणाऱ्या विधवा पेरीन लाव्हनूच्या डोक्यावर तीन, दहा, सतरा आणि चोवीस तारखेला अशी टोपी आढळली. (दहा तारीख सरकारी सुटीची, म्हणून ती टोपी निर्दोष धरली.) उरलेल्या तिन्हींमुळे तिचा सुनागरिकत्वाचा दाखला अडला. दाखला नसेल तर तुरुंग. ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे.

समितीचे अध्यक्ष बास्तियाँ केरू पूर्वी तिच्याच गल्लीत जोडे शिवत. चूक कबूल कर, नरमाईने घेऊ, असे त्यांनी तिला समजावले.

"चूक कसली, बास्तियाँ?" पेरीन म्हणाली. "सहा दिवस इस्त्री ओढली की सातव्या दिवशी माझी कंबर धरते. मग बसते टोपी घालून. क्रांती झाल्याचं कंबरेला कुणी कळवलं नाही."

"ते तू कळवायचं होतंस."

"बरं. मला कंबर सांगते. तुला कोण सांगतं रे, आज रविवार म्हणून?"

समितीच्या सातही सदस्यांनी आपापली रविवारची टिपणे झाकली. गाव रविवार विसरत चालले आहे. तो अचूक मोजणारे आता हे सातच उरलेत. मात्र ते कर्तव्य म्हणून मोजतात, त्यामुळे त्याला निष्ठा म्हणता येत नाही, अशी इतिवृत्तात नोंद झाली.

कंबर एकमताने राजनिष्ठ ठरली. ती वेगळी ठेवण्याची सोय तुरुंगात नसल्याने उरलेल्या पेरीनलाही सोबत पाठवावे लागले. टोपी पुरावा म्हणून समितीकडे आहे.

वरच्या तारखांमधले सातचे अंतर वाचताना ज्यांच्या लक्षात आले, त्यांनी समितीपुढे हजर व्हावे. ज्यांच्या लक्षात आले नाही, त्यांनी तसे दोन साक्षीदारांसह सिद्ध करावे.