नको-यादीतले सासरे

सूनबाईंच्या कार्यालयात फोटोंतल्या गोष्टींना नावं ठेवण्याचं काम चालतं. हे काम घरोघरी फुकट चालतं, इथे त्याचा पगार मिळतो. रस्त्यांचे फोटो येतात. प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढून लिहायचं: माणूस, झाड, खांब. हे शिकून एक बिनचालकाची गाडी फुटपाथवरून पार्सलं पोहोचवणार होती. माणूस दिसला की ती थांबणार, झाड दिसलं की वळसा घालणार. बाकीचं फालतू सामान 'नको-यादी'त टाकून पुसून टाकायचं. जे गाडीला शिकवलंच नाही, त्याच्यासाठी ती थांबणार नव्हती.

एका मंगळवारी सूनबाईंच्या पडद्यावर त्यांचे सासरे आले. घराच्या फाटकाबाहेर फुटपाथवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र. निवृत्त झाल्यापासून ते आठ ते अकरा तिथेच असतात. एकशे बारा फोटोंत ते होते आणि एकाही फोटोत पान उलटलेलं नव्हतं. सूनबाईंनी 'माणूस' लिहिलं. त्याच फोटोंवर काम करणाऱ्या इतर दोघांनी लिहिलं, 'मोडकी खुर्ची, नको.' नियमाप्रमाणे तिघांपैकी दोघांचं जुळलं की ते खरं. सूनबाईंची जुळणी एक्क्याण्णव टक्क्यांवर घसरली.

त्या सुपरवायझरकडे गेल्या. "सर, ते माझे सासरे आहेत."

"असतील ना. तुमचं बरोबरच असेल, मॅडम. पण जुळत नाही."

"अहो, त्यांना पाय दिसतायत."

"पाय खुर्चीलाही असतात."

"आणि चष्मा?"

"चष्म्याला आपल्याकडे रकाना नाही." सुपरवायझरने आवाज खाली आणला. "नव्वदच्या खाली गेलात तर तुम्हालाच कमी करावं लागेल. मला वाईट वाटेल, पण करावं लागेल."

घरी नवऱ्याने मोबाइलमधून मान न काढता तोडगा सुचवला. "बाबांना म्हणावं, थोडे दिवस आत बसा."

"आत जागा कुठे आहे?" सूनबाई म्हणाल्या. यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

शेवटी सासरे स्वतः कार्यालयात गेले. सुपरवायझर उठून उभा राहिला, चहा मागवला. "काका, तुम्ही माणूस आहात याबद्दल मला वैयक्तिक शंका नाही."

"मग तसं लिहून दे."

"नको-यादीतल्यांचा अर्ज आम्ही घेत नाही, काका. पण एक सांगू का? हलत राहा. हलणारी गोष्ट सहसा कुणी नको-यादीत टाकत नाही."

सासऱ्यांची अख्खी हयात सरकारी खात्यात गेली होती. साहेबाचा सल्ला हा हुकूम समजायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आठ ते अकरा दोन्ही हात वर करून हलवत बसले. संध्याकाळी खांदे इतके भरून आले की सूनबाईंनी तेल चोळून दिलं.

नवे फोटो आले. पहिल्याने लिहिलं, 'झाड.' दुसऱ्यानेही तेच. हलतं, पण जागा सोडत नाही, म्हणजे दुसरं काय असणार? आता सूनबाई राहिल्या होत्या आणि त्यांची जुळणी एव्हाना घसरून बरोब्बर नव्वदवर आली होती. त्यांच्या बाळंतपणात याच माणसाने दोन महिने निमूटपणे धुणी वाळत घातली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मग गाडी झाडाला वळसा घालते हे आठवलं, हप्ते आठवले, आणि त्यांनी 'झाड' लिहिलं.

जुळणी त्र्याण्णव झाली. सुपरवायझरने सगळ्यांसमोर कौतुक केलं. सोमवारपासून गाडी धावू लागली. माणसांपुढे ती थांबते खरी, पण भोंगा वाजवून वाजवून जीव नकोसा करते. सासऱ्यांना मात्र चार हात लांबून अदबीने वळसा घालते.

"सूनबाई, चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा मान मिळाला नव्हता गं," सासरे म्हणाले. फक्त हात तेवढे खाली घेता येत नाहीत.

वाचकांना नम्र सूचना: ही हकिगत आपण एकाच जागी बसून वाचली असेल, तर अधूनमधून हात वर करून हलवावेत. घरातले काय म्हणतील ही भीती बाळगू नये. त्यासाठी आपण तिथे बसलो आहोत हे आधी त्यांच्या लक्षात यावं लागेल.