अप्पासाहेबांची ओर्व्हिएतोची तयारी

"विहिरी बांधण्यात जन्म गेला. आता बघायला थेट इटलीला जाणार!" अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवत जाहीर केलं.

होळकर दरबार गेला, मध्यभारत आला आणि वॉटरवर्क्सचे ओव्हरसियर अप्पासाहेब पेन्शनीत निघाले. त्यात रोमच्या वकिलातीत लागलेल्या मुलानं, शरच्चंद्रानं, आईवडिलांना बोलावलेलं. पण यांना रोमचं काय! यांचा जीव अडकलेला ओर्व्हिएतोत. उंच कड्यावर वसलेलं जुनं गाव, गावात ही खोल विहीर आणि विहिरीत गोल फिरत जाणारे दोन जिने. एकानं खेचरं रिकामी उतरायची, दुसऱ्यानं पाणी घेऊन चढायची. वाटेत गाठ म्हणून नाही!

"काय डोकं असेल हो ती बांधणाऱ्या माणसाचं!" ते रोज म्हणत, आणि रोज त्यांचे डोळे भरून येत.

"त्याचं डोकं ठीक आहे, तुमच्या गुडघ्यांचं काय?" भानुमतीबाईंनी अट घातली. "आधी इथली पायऱ्यांची बावडी उतरून चढून दाखवा. दम लागला नाही तर येते मी. नाहीतर दोघंही घरी!"

बायको नाही तर इटली नाही! भर वैशाखात, इटलीसाठी शिवलेला लोकरी कोट चढवून अप्पासाहेब बावडीवर हजर झाले. बावडीला समोरासमोर दोन जिने.

"तू तिकडून उतर, मी इकडून. अगदी ओर्व्हिएतो!"

काठावरच्या कोनाड्यात मारुती होता, म्हणून त्यांनी जोडे काढले. पाण्यात पडू नयेत म्हणून चष्मा-घड्याळ टोपीत घालून काठावर ठेवलं. डोळे मिटून हात जोडले, "मारुतीराया, आता सगळं तुझ्यावर!" आणि उतरू लागले.

पाणी भरणाऱ्या बाईनं ते जोडे पाहिले, ती टोपी पाहिली आणि घागर टाकून बोंब ठोकली, "अरे दौड़ो! बाबूजी जान दे रहे हैं!"

झालं! पानवाला धावला, टांगेवाले धावले, शेजारच्या आखाड्यातले पैलवान लंगोटावरच धावले.

"भिया, कूदना मत!"

समोरच्या जिन्यावरून भानुमतीबाई ओरडत होत्या, "अहो, सावकाश! माझं ऐका जरा!" बिचारी विनवतेय, असं वाटून लोकांना आणखीच चेव आला.

"अरे बाबांनो, मी इटलीला चाललोय!"

"ऊपर तो चलो भिया, इटली भी भेज देंगे!"

पैलवानांनी अप्पासाहेबांना खांद्यावर घेतलं आणि वर आणून बसवलं. कुणी वारा घातला, कुणी शिकंजी पाजली, कुणी पोहे-जलेबी आणली. "घर में किसी ने कुछ कहा क्या?" पानवाल्यानं हळूच विचारलं, आणि सगळ्या बावडीनं भानुमतीबाईंकडे डोळे वटारून पाहिलं!

घरी येईपर्यंत बाई तरातरा पुढेच चालत होत्या. शेवटी अप्पासाहेबच चाचरत म्हणाले, "दम मात्र लागला नाही हं मला."

"दुसऱ्याच्या खांद्यावर बसून कुणाला लागतो?"

संपलं, गेली इटली! अप्पासाहेबांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बाईंनी ट्रंक उघडली आणि आपली दोन लुगडी आत ठेवली.

"म्हणजे... येतेस?"

"न येऊन सांगते कुणाला! पण तिथे मी तुमच्याच जिन्यानं उतरणार. तुम्ही अडकलात तर तिथे भिया म्हणत धावून कोण येणार आहे?"

"काय डोकं आहे हो या बाईचं!" अप्पासाहेबांचे डोळे भरून आले.

"डोकं राहू द्या. आधी तो कोट काढा, घामानं नुसता आंबलाय!"