पाटकरी अण्णांचा रकाना

अण्णा शेवाळ्यांबद्दल आमच्या कॉलनीत एक गोष्ट हसत हसत सांगितली जाते. ती खोटी आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि मी ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

गंगापूर रोडला अण्णांचं घर आमच्या समोर. शेतांना पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. नवा माणूस भेटला की ते नाव विचारायचे नाहीत. विचारायचे, "हुद्दा?" हुद्दा कळला की तो माणूस गाडी कशी चालवत असेल, हे लगेच सांगून मोकळे. सर्जन रिव्हर्स घेताना मागे बघत नाही, कारण मागचं बघायला त्याला कायम नर्स असते. वकील उलट्या बाजूने येतो आणि आपल्यालाच थांबवतो. कॅशियर वळणावर दोनदा मोजून बघतो, तोवर सिग्नल पुन्हा लाल. दिंडोरीकडचा द्राक्षवाला मारुतीतही मागे ट्रॉली असल्यासारखा वळतो.

"आणि पाटकरी?" कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पाटकरी धडकत नाय. त्याला पाटाचं दार हळू उघडायची सवय असते. एकदम सोडलं की पाट फुटतो."

स्वतःची पांढरी मारुती ते ताशी तीसच्या वर नेत नसत. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे. अण्णा आरशात बघून त्यांचा जुना हुद्दा ओळखायचे. एकाला त्यांनी उतरून विचारलंही होतं, आधी बँडमध्ये होतास का. तो होता.

मी विम्याचा एजंट. विम्याचा हप्ता हुद्द्यावर ठरला पाहिजे, असं अण्णा मला नव्वद सालापासून ऐकवत आले. पुढे दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली आणि आमच्या कंपनीने काही व्यवसायांना खरोखरच सूट दिली. मी ही बातमी सांगितली तेव्हा अण्णा घरात जाऊन टोपी घालून आले आणि मगच पुढचं ऐकलं. यादीत डॉक्टर होते, शिक्षक होते. पाटकरी नव्हता. हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आमच्या धंद्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने कोऱ्या फॉर्मवर सही करायची, बाकीचं एजंटने घरी भरायचं. अण्णांनी सही केली. घरी मी व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, शिक्षक, निवृत्त. त्यांचा आनंद टिकावा म्हणून लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दुसरा एक एजंट त्यांच्याकडे चकरा मारत होता.

पुढच्या उन्हाळ्यात दुधाच्या टेम्पोने रिव्हर्स घेताना अण्णांच्या उभ्या मारुतीचं तोंड आत घातलं. कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आला. अंगणात निम्मी कॉलनी जमली. त्याने कागद चाळत सहज विचारलं, "सर, कोणत्या शाळेत होता?"

"शाळेत? मी पाटकरी."

सर्व्हेअरने फॉर्म त्यांच्यापुढे धरला. मग माझ्याकडे बघितलं. माझी एजन्सी जाणार, हे तिथे दोघांनाच कळलं होतं, त्याला आणि मला. मी बुटांकडे बघत राहिलो. मान वर केली तेव्हा कळलं, अण्णांनाही कळलंय. ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

"मीच लिहायला लावलं," ते म्हणाले. "मास्तर व्हायची लय हौस होती. पोरांपुढं उभं राहायची. नाही झालो. म्हटलं, कागदावर तरी व्हावं."

कोणीतरी फिसकन हसलं.

खोट्या माहितीमुळे क्लेम नामंजूर झाला. माझी एजन्सी राहिली. कॉलनीने अण्णांना "गुरुजी" म्हणायला सुरुवात केली. पोरं "गुरुजी, हुद्दा?" असं ओरडून पळायची. अण्णा हात वर करून पुढे जायचे. लोकांचे हुद्दे विचारणं मात्र त्यांनी बंद केलं. मास्तर व्हायची हौस त्यांना खरंच होती की ते त्या क्षणी सुचलं, मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं.

वर्षाने नूतनीकरणाची तारीख आली. मला वाटलं, अण्णा दुसऱ्याकडे जातील. त्यांनी मलाच बोलावलं आणि सही केलेला फॉर्म पुढे केला. सगळा कोरा होता. फक्त व्यवसायाच्या रकान्यात, इंग्रजी फॉर्मवर, जाड मराठी अक्षरांत लिहिलं होतं, पाटकरी.

"बाकीचं तू भर," म्हणाले. "घाई करू नको."

अण्णा आता दिंडोरीला मुलीकडे असतात. कॉलनीत त्यांचा विषय निघाला की आजही कोणीतरी म्हणतं, स्वतःला मास्तर लिहायला लावणारे ते गुरुजी. मी तिथेच बसलेलो असतो, आणि हसतो.

तो शब्द माझा होता. हे त्या लोकांसमोर, अण्णा ऐकत असताना, मी सांगायचं आहे. ते अजून राहिलं आहे.