डॉक्टरांचं बलुतं

तिसगावात दवाखाना उघडून सहा महिने झाले, तरी डॉक्टर शामकांतांकडे जो येई तो आधी अंगारा, मग काढा, मग पुन्हा अंगारा असं सगळं संपवून, मरायला टेकल्यावरच येई. "दुखणं वाढायच्या आधी या," असं सांगून त्यांचाच घसा बसला. शेवटी १९४६च्या सुगीला त्यांना युक्ती सुचली. गाव न्हाव्याला आणि सुताराला वर्षाचं धान्य देतं, तसं आपल्यालाही द्यावं. घरटी दोन पायल्या बाजरी. मग वर्षभर केव्हाही या, पैसा नको. पत्नी दमयंतीबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सुगीनंतर संगमनेरला माझ्या भावाचं लग्न आहे. तेवढ्यापुरते तरी धडधाकट राहा."

गाव सुधारलं. जरा जास्तच सुधारलं. बाजरी दिली आणि आजारी पडलो नाही तर बाजरी बुडाली, हे सगळ्यांना एकाच दिवशी उमगलं. पहिला आला छगन, दोन पोती पाठीवर घेऊन पळणारा गडी.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते तुमी सांगायचं. न्हावी इचारतो का, केस कुठं वाढलेत म्हनून?"

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "तुला काहीही झालेलं नाही."

"शेजारच्याला तापात लाल औषध दिलंत, आन् मला कायच न्हाई? माझी बाजरी किडकी हुती व्हय?"

त्यालाही लाल औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, तिसऱ्या दिवशी सासरा. ज्यांच्यात काहीच सापडेना, त्यांना डॉक्टर सांगू लागले, "दमलात. आठ दिवस हवापालट करा." छगन तर रोज येऊन बाकावर बसे, घरी एवढी करमणूक नव्हती. फक्त गावातली राहीबाई बाजरी देऊनही वर्षभर फिरकली नाही. "तिच्याकडून शिका जरा," असं डॉक्टर सर्वांना सुनावत.

लग्नाच्या आदल्या सकाळी ट्रंक बांधून झाली. नगरची मोटार यायला अर्धा तास होता. तेवढ्यात दाराशी राहीबाईची बैलगाडी थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली.

"वरसभर एकदाबी आले न्हाई, डागदर," राहीबाई म्हणाली. "माझं समदं साठलंय. म्हनून माहेरची आनलीत. एकदाच बघून टाका."

दमयंतीबाईंनी ट्रंकेवर बसून डोळ्यांना पदर लावला. एकुलता एक भाऊ, आणि त्याच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही जाता येऊ नये! डॉक्टरांनी पहिल्या म्हातारीची नाडी धरली मात्र, भोवळ येऊन ते स्टुलावरून खाली आले.

बाकावरचा छगन उठला. त्यानं डॉक्टरांचं मनगट धरून डोळे मिटले. "जीभ काढा."

डॉक्टरांनी मुकाट्यानं काढली.

"दमलात. आठ दिवस हवापालट. दवाखान्याचं तोंड बघायचं न्हाई." मग तो मंडळींकडे वळला. "उठा समदे! हितं एकजन खराच आजारी हाय."

वर्षभरात त्या दवाखान्यात झालेलं हे पहिलं अचूक निदान. अकराही जण उठून अंगणात गेले. राहीबाईनं तर मोटारीपर्यंत आपली बैलगाडी दिली.

बैलगाडीत चढताना डॉक्टरांनी छगनचे हात धरले. "छगन, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कशाचे? दोन पायल्या बाजरी. मग वरसभर कवाबी या."

दमयंतीबाई तोवर आत जाऊन बाजरी घेऊनही आल्या होत्या. "छगनराव, चार घ्या," त्या म्हणाल्या, "पण आठ दिवसांनी परत एकदा यांची जीभ बघा."